सासूबाईंची शिलाई मशीन जाम झालीय, खोबरेल तेल घातलं तर अजूनच जड झाली

कराडची_सून

नमस्कार मंडळी, शिवणकामात मी अगदीच नवशिकी आहे म्हणून आधीच सांगते, हसू नका. आमच्या सासूबाईंची पायाची मशीन, काळी, सोनेरी नक्षीवाली, त्यांच्या लग्नात माहेरून आलेली, गेली सहा-सात वर्षं गावाला माळ्यावर पडून होती. त्यांचे गुडघे गेल्यापासून त्या शिवत नाहीत. दिवाळीला गेलो तेव्हा टेम्पोत घालून पुण्याला आणली, म्हटलं ब्लाउज नाही तर निदान उशांचे अभ्रे, पिशव्या तरी शिवेन.

तर प्रॉब्लेम असा की वरचं चाक फिरतच नव्हतं. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या खोबरेल सोड की भोकात, आम्ही जन्मभर तेच घातलं. मी सगळ्या भोकांत सढळ हाताने खोबरेल सोडलं. पहिल्या दिवशी जरा हललं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आधीपेक्षा जड. आणि गंमत म्हणजे दुपारी ऊन आलं की बरं फिरतं, सकाळी पुन्हा दगड. जोर लावून चालवलं तर खटखट आवाज आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं नुसतं घरटं.

एका मेकॅनिकला दाखवली, त्याने दोन मिनिटं बघून सांगितलं की आतले पार्ट गेले, भंगारात द्या, मी दीड हजारात उचलतो. मला काही ते पटलं नाही. खरंच पार्ट गेले असतील का? आणि तेल नक्की कुठलं घालायचं?

टाकेमारू

खोबरेल घातलंयत तर आता वेणी घालून गजरा पण माळा 😄 सॉरी ताई. पण देऊ नका हो त्याला, दीड हजार द्यायला तयार आहे म्हणजेच मशीन चांगली आहे.

मास्तरांचा_पोरगा

ताई, पार्ट बिर्ट काही गेलेले नाहीत. तुमचं ते दुपारी फिरतं आणि सकाळी जड होतं हे वाक्य वाचलं तिथेच रोग कळला. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतं, थंडीत बाटलीत गोठलेलं बघतोच की आपण. पुण्यातली डिसेंबरची सकाळ म्हणजे तुमच्या मशीनच्या पोटात पांढरी मेणबत्ती झालेली असते.

माझे वडील मिरजेत टेलर होते, दुकानात तीन मशिनी, आणि शाळेतून आल्यावर त्या पुसून तेल घालायचं काम माझं. दुकानात खोबरेलाची बाटली फक्त डोक्याला. तुमच्या सासूबाईंचं पण चुकलं म्हणत नाही मी, त्या रोज चालवायच्या, रोज चाललेल्या मशीनमध्ये कुठलंही तेल घासून घासून बाहेर पडतं आणि नवीन पडत राहतं. मशीन थांबली की खरी गडबड. खाण्याचं तेल हवेला राहून हळूहळू चिकट होत जातं, भजी तळायच्या कढईच्या कडेला जो पिवळा राप बसतो ना, नखाने पण निघत नाही, तोच आत बसतो. त्यातल्या त्यात करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं तर अजून वाईट. जवसाचं तेल पेंटमध्ये का घालतात, सुकून पापुद्रा धरतं म्हणूनच ना, करडई त्याचीच लांबची बहीण. मशीनचं तेल वेगळं असतं, पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ, खनिज तेलापासून केलेलं, ते असं सुकून चिकटत नाही. कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो, घाई करू नका, दोन दिवस धरून चला.

आधी पट्टा काढा आणि वरचं चाक नुसतं हाताने फिरवा. वरचं हलकं असेल तर दोष खाली पायडलच्या बाजूला, वरचंच जड असेल तर डोक्यात. बरेच लोक हे न बघताच सगळीकडे तेल ओततात. मग चाकाच्या मधे जो गोल स्क्रू असतो, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, भरताना ढिला करतो तो, तो ढिला करा. आता चाक मोकळं फिरलं पण स्क्रू आवळल्यावर अडकलं तर आतली यंत्रणा जाम, आणि ढिला करून पण चाक जडच असेल तर चाकाच्या मागे दोरा गुंडाळला गेलाय का बघा, हे फार वेळा होतं आणि कुणाच्या डोक्यात येत नाही.

सुई, दोरा, बॉबिन केस सगळं काढा. सुई काढायच्या आधी तिची सपाट बाजू कुठल्या अंगाला आहे ते बघून ठेवा, मोबाईलवर फोटोच काढा. उलटी बसवली तर टाकाच पडत नाही आणि मग माणूस मशीनला शिव्या देतो.

मग जुनं तेल काढायचं. वडील रॉकेल वापरायचे, प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब, चाक पाच मिनिटं मागेपुढे करायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खाली काळपट चहासारखं पाणी उतरलेलं दिसतं. ते पुसायचं आणि पुन्हा करायचं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. खिडकी उघडी ठेवा, देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती आसपास नको. मोटर लावलेली असेल तर आधी काढून बाजूला. आता रेशनला रॉकेल मिळत नाही बऱ्याच ठिकाणी हे मला माहितेय, नाही मिळालं तर मशीनचंच तेल घाला आणि केस वाळवायचा ड्रायर दोन-तीन मिनिटं त्या जागेवर मारा, गरम झालं की जुना राप सुटतो. वेळ जास्त लागतो पण सुटतो. पेट्रोल मात्र अजिबात नको. आणि रॉकेल, थिनर, स्पिरिट यातलं काही सोनेरी नक्षीवर पुसू नका, नक्षी उडाली की परत येत नाही. बाहेरून फक्त मशीनच्या तेलाचा बोळा.

स्वच्छ झाल्यावर नवीन तेल. वरच्या दांड्यावर भोकं दिसतातच. डाव्या टोकाची पत्र्याची प्लेट एक स्क्रू काढून निघते, आत सुईची दांडी, फूटची म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची दांडी आणि वर-खाली होणारा दोऱ्याचा हात दिसेल, जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे एक थेंब. मागच्या बाजूला गोल झाकण असतं ते फिरवून आत एक-दोन थेंब, ही जागा सगळे विसरतात. मग डोकं मागे आडवं करा, पोटाखाली सांधे दिसतील तिथे. चाक फिरवत बघायचं, जे हलतं त्याला थेंब, जे हलत नाही त्याला नाही, इतकं सोपं आहे ते. टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये, पट्ट्यावर, बॉबिन भरायच्या रबरी रिंगवर तेल अजिबात नको.

आणि एक थेंब म्हणजे एकच थेंब. वडील म्हणायचे मशीनला तेल पाजायचं नसतं, चाटवायचं असतं.

शटलचं, म्हणजे सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या भागाचं, नंतर लिहितो, आत्ता कामावर आहे.

डोंबिवलीकर_६४

एवढा व्याप कशाला, डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा सगळीकडे, पाच मिनिटांत सुटतं. मी सायकल, कुलपं, पंखा सगळ्याला तेच मारतो.

मास्तरांचा_पोरगा

काका, सुटतं हे खरं, सोडवायला वापरा ना. पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. त्यातलं बरंचसं उडून जातं आणि मागे जे राहतं ते मिनिटाला शेकडो टाके मारणाऱ्या दांडीला पुरत नाही. मारलंत तर पुसून काढून वर मशीनचं तेल घालायचंच आहे, मग वाचलं काय?

डोंबिवलीकर_६४

बरं बाबा. पंख्याला पण नको का मग 😅

मालवणी_आत्या

कराडच्या सुने, माझ्याकडे दोन आहेत, एक आईची हाताची आणि एक माझी पायाची. आमच्याकडे तेलापेक्षा गंजाची भीती जास्त. जून ते सप्टेंबर सगळं घर सांदळलेलं, मशीन आठ दिवस नाही उघडली तर सुईवर सुद्धा तांबूस ठिपके येतात, आणि तशा सुईने शिवलं की पांढऱ्या कापडावर डाग आणि दोरा तटातट तुटतो. म्हणून पावसाळ्यात मी शिवायचं असो नसो, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं दोरा न घालता रिकामी चालवते. प्लास्टिकचं कव्हर घालू नको, आत घाम धरतो, जुनी सुती साडी दुहेरी करून घाल. सुई आणि फूट खाली ठेवून मधे जाडसर कापडाचा तुकडा ठेव, रात्रीतून जास्तीचं तेल त्यावर उतरतं, नाहीतर तुझ्या पहिल्याच अभ्र्यावर उतरेल.

आणि एक विचारते, सासूबाई दसऱ्याला मशीनची पूजा करायच्या का? खंडेनवमीला आम्ही सगळ्या जणी मशीनला हळदकुंकू वाहतो, अक्षता टाकतो, झेंडूची माळ घालतो. ते कुंकू नेमकं तेलाच्या भोकांवर पडतं. तेल आणि कुंकू मिळून जो लगदा होतो तो मी स्वतः पिन घालून काढलाय, आईच्या मशीनच्या एका भोकात चाळीस वर्षांचा दसरा होता. आता मी कुंकू टेबलाच्या लाकडाला लावते, देवीला चालतं तेवढं.

कराडची_सून

अगं बाई! करायच्या की, दरवर्षी. थांबा बघते.

कराडची_सून

आत्या, मधल्या भोकात लाल गोळी होती. टाचणीने काढली. तांदळाचा दाणा पण निघाला 🙏

बुटीकवाली

इथे काळ्या मशीनचंच चाललंय पण एक सांगते कारण वाचणाऱ्यांत बऱ्याच जणींकडे नवीन विजेवरच्या झिगझॅग मशिनी असतील. त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. ज्यांच्यात बॉबिन वरून टाकायचं असतं आणि खाली काळी प्लास्टिकची वाटी असते, त्या वाटीला तेल लावायचं नाही. तिथे तेल पडलं की धाग्यांचा भुसा चिकटून चिखल होतो. प्लेटचे दोन स्क्रू काढा, वाटी उचला, खाली लोकरीसारखा गोळा सापडेल, तो ब्रशने काढा. फुंकर मारू नका, भुसा अजून आत जातो आणि तोंडातली वाफ लोखंडाला लागते. यातल्या बऱ्याच मशिनींना कंपनीने आतून आधीच ग्रीस दिलेलं असतं, पुस्तिकेत जिथे सांगितलंय तेवढंच तेल. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलचा नंबर टाकून नेटवर बहुतेक वेळा मिळते.

माझ्याकडे एक बाई नवी मशीन घेऊन आल्या होत्या, जावेचं बघून मोटरमध्ये सुद्धा तेल सोडलं होतं त्यांनी. मोटरमध्ये तेल घालू नका हो.

यंत्रमाग_गल्ली

इचलकरंजीहून. आमच्याकडे सुटं व्हाइट ऑइल, म्हणजे हेच मशीनचं पातळ तेल, लिटरवर मिळतं, गारमेंटवाले तेच नेतात. त्यांच्या जुकी कंपनीच्या कारखान्यातल्या मशिनींना खाली तेलाची टाकीच असते, मशीन चालली की पंप आपोआप तेल वर चढवतो आणि वरच्या काचेतून उडताना दिसतं, काचेत तेल दिसलं नाही की कारागीर मशीन बंद करतो. घरच्या मशीनला तसं काही नाही, तिथे पंप म्हणजे तुमचा हात. घरी वापरायला शंभर मिलीची बाटली वर्षभर पुरते, लिटर घेऊ नका. घेताना उजेडात धरून बघा, पिवळसर दिसलं किंवा वास आला तर घेऊ नका. स्कूटरचं जुनं ऑइल घालणारे पण बघितलेत मी, त्यांना काय बोलायचं.

मास्तरांचा_पोरगा

हां, आता शटल. तुमचा खटखट आवाज आणि खालचं घरटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बहुतेक.

आवाजासाठी, सुई अगदी वर आणा, डावीकडची सरकती पट्टी सरकवा, बॉबिन केस काढा. आत गोल रिंग दिसेल, तिला दोन बाजूंना दोन छोट्या खिट्ट्या असतील, त्या बाहेरच्या बाजूला फिरवल्या की रिंग हातात येते आणि तिच्या मागून अर्ध्या चंद्रासारखं शटल निघतं. मधल्या दांडीला धरून ओढा, टोकाला बोट लावू नका, टोक तीक्ष्ण असतं आणि त्याला ओरखडा गेला तर मात्र दोरा कायम तुटेल. ज्या खाचेत शटल फिरतं तिथे नव्याण्णव टक्के एखादा दोऱ्याचा तुकडा फसलेला असतो. टोकदार चिमटा घ्या, टॉर्च धरा. साफ करून त्या खाचेत एक थेंब तेल. अख्ख्या मशीनमध्ये एकच जागा तेलाला निवडायची झाली तर ही, रोज शिवत असाल तर रोज. बाकीच्या जागांना घरच्या वापरात महिन्यातून एकदा-दोनदा ठीक आहे, आणि बरेच दिवस बंद असेल तर शिवायला बसण्याआधी.

परत बसवताना शटल नीट बसलं नाही तर खिट्ट्या लागतच नाहीत, जोर लावू नका, चाक जरासं पुढेमागे करा, आपोआप जागेवर बसतं.

आता घरटं. खाली गुंता दिसला की सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळायला लागतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो हो बहुतेक वेळा. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलाच नाही, तर त्याला ओढ राहत नाही आणि तो सैल पडून खाली जमा होतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा, फूट खाली असताना ओवला तर चकत्या आवळलेल्या असतात, दोरा आत जात नाही. दोरा कुठला वापरताय? मशीनबरोबर आलेल्या डब्यातला?

कराडची_सून

हो, डब्यातलाच, छान लाल, निळा, सगळे रंग आहेत.

मास्तरांचा_पोरगा

तो दोरा दोन हातांत धरून झटका द्या. टपकन तुटला तर गोधडीला टाके घालायला ठेवा, मशीनला नको. आणि सुई नवीन घाला, सुती कापडाला १४ किंवा १६ नंबर, जीन्सला १८, झिरमिरीत कापडाला ११. आठ-दहा तास शिवलं की सुई बदलायची. दहा-पंधरा रुपयांची सुई वाचवून लोक हजाराची रिपेरी करतात.

कराडची_सून

मंडळी, अपडेट!! उशीर झाला, मधे मुलाची परीक्षा होती.

रॉकेल नाही मिळालं, कुठेच. ड्रायर आणि मशीनचं तेल केलं, तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी भोकांतून जे खाली आलं त्याला अक्षरशः जुन्या लोणच्याच्या बरणीचा वास होता. दुसऱ्या दिवशी काळं, तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी स्वच्छ. मागचं गोल झाकण फिरवलं तर आत तेल नव्हतंच, तपकिरी गोंद होता, सगळा जडपणा तिथेच होता बहुतेक, तिथे ड्रायर मारून चाक फिरवत असताना एकदम कट्ट झालं आणि चाक गर्रकन फिरलं. मी घाबरून हात काढला, वाटलं मोडलं काहीतरी. नाही, सुटलं होतं!

शटलमध्ये मरून रंगाचा दोरा निघाला, बोटभर लांब. सासूबाईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या अगं हा तर माझ्या धाकट्या नणंदेच्या शालूवरच्या ब्लाउजचा, तिच्या लग्नात रात्री दीडला शिवत होते आणि तुटला होता. त्या लग्नाला आता अकरा वर्षं झाली.

दोरा नवीन आणला, १४ ची सुई घातली, फूट वर करून ओवला. घरटं बंद. पहिल्यांदा फडकं शिवलं त्यावर तेलाचे ठिपके आले, आत्यांचं ऐकलं असतं तर नसते आले. अभ्र्यावर पण एक ठिपका पडला, तो टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवला आणि भांड्यांच्या लिक्विडने धुतला, गेला.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर मशीनचा आवाज ऐकवला. म्हणाल्या खोबरेलानेच सुटली ना? मी हो म्हटलं 🤐

आता एकच राहिलंय. पायडल मारताना पट्टा घसरतो, मोठं चाक फिरतं आणि वरचं नाही.

मास्तरांचा_पोरगा

भारी! त्या मेकॅनिकला एक पिशवी शिवून नेऊन द्या.

पट्ट्याला तेल लागलंय का बघा आधी, लागलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, जरा खडू घासा. तरी घसरला तर तो सैल झालाय. तारेची कडी असते जोडाला, ती पक्कडीने उघडा, एका टोकाचा साधारण एक सेंटीमीटर कापा, दाभणाने नवीन भोक पाडा आणि कडी दाबून बंद करा. एकदम जास्त कापू नका, परत जोडता येत नाही. आणि खालच्या पायडलच्या दोन्ही टोकांना, मोठ्या चाकाच्या मधे, आणि पायडलपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही सांध्यांना एकेक थेंब, हे तुम्ही विसरलाच असणार.

कराडची_सून

विसरले होते 🙈 घातलं. आणि पट्टा दोन सेंटीमीटर कापला गेला, आता जरा घट्टच झालाय, पायाला ओढ लागते.

मालवणी_आत्या

चामडंच ते, आठ दिवस चालव, येईल सैल.